साहेबांचे शर्ट

गोधडी शिवायला कुणी पाच वर्षं घेत नाही. हात चालता असला तर एका थंडीत हाती घेतलेली गोधडी दुसऱ्या थंडीत अंगावर येते. साहेबिणीला पाचवं वर्ष लागलं होतं आणि गोधडी अजून मधोमध उघडीच होती. हात दुखतो, डोळे गेले असलं काही कारण नव्हतं. बाई अजून पहिल्या फटक्यात सुई ओवायची. वेळ लागायचा तो आठवायला.

तिचा नेमच होता तसा. नवऱ्याच्या शर्टाचा तुकडा मांडीवर घ्यायचा. हा शर्ट घालून तो कुठे गेला होता, कुणाशी काय बोलला, घरी येऊन कशावरून चिडला, हे सगळं जागच्या जागी आठवल्याशिवाय टाका घालायचा नाही. एखादा तुकडा तासाभरात लागे. एखादा महिनाभर तसाच पडून राही. सून म्हणे, "आई, हा राहू द्या ना, दुसरा घ्या." त्यावर ही म्हणे, "नंबर मागेपुढे करायला मी काय तिकिटाच्या रांगेत उभी आहे? आठवेल." आणि आठवायचं. गोधडी पुरी झाली की नवरा पुन्हा सगळाच्या सगळा आपल्याजवळ येईल, मग निजताना खोली एवढी मोठी वाटणार नाही, असा तिचा साधा हिशेब होता.

नवरा लॉन्ड्रीवाला. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. पण गल्लीत त्याला सगळे साहेब म्हणत. का, तर संध्याकाळी दुकानाचं दार ओढून बाहेर पडला की अंगात असा शर्ट, की बँकेच्या मॅनेजरने वळून बघावं. आज बारीक रेघा, उद्या पिस्ता रंग, परवा चौकड्या. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने. बायको ओघानेच साहेबीण झाली. साहेब गेले तरी हिचं नाव काही उतरलं नाही.

आणखी एक गोष्ट ती येईल त्याला सांगे. साहेबांनी उभ्या जन्मात आपला शर्ट बायकोला धुवायला लावला नाही. स्वतः धुवायचे, स्वतः खळ घालायचे, स्वतःच इस्त्री करायचे. "दिवसभर लोकांचे धुतेस, माझे तरी नकोत," म्हणायचे. गल्लीतल्या बायका हे ऐकून आपापल्या नवऱ्याकडे बघत आणि नवरे पंख्याकडे बघत.

साहेब गेल्यावर हँगरवर ओळीने टांगलेले ते शर्ट तिला अख्खे बघवेनात. सून तेव्हा घरात नवी होती. कापायचं काम तिनेच अंगावर घेतलं, कारण जन्मभर लोकांचे कपडे पिळून सासूचा अंगठा आखडला होता, कात्री चालत नव्हती. दार लोटून घेऊन सुनेने शर्ट कापले. कॉलर आणि कफ जाड, त्यांतून सुई जात नाही, म्हणून ते काढून टाकले. पाठीचे आणि छातीचे चौकोन करून सासूच्या पुढ्यात ठेवले. खाली जुन्या चादरींचे थर, वर हे तुकडे, आणि कडेपासून आत आत येत जाणारा धावदोरा. असं चाललं होतं.

त्या दुपारी मागच्या खोलीत उजेड नव्हता म्हणून साहेबीण गोधडी घेऊन दुकानात बसली होती. मुलगा कपडे पोचवायला गेलेला. तेवढ्यात नर्सबाई आली. गावात नुकतीच बदली होऊन आलेली, दवाखान्याचे पांढरे गणवेश इथेच टाकायची. पिशवी टेबलावर ठेवून ती पावतीसाठी थांबली आणि तिची नजर गोधडीवर गेली ती तिथेच राहिली.

"मावशी, हा निळ्या चौकड्यांचा तुकडा कुठला?"

"कुठला म्हणजे? आमच्या ह्यांचा शर्ट."

नर्सबाई वाकली. तुकड्याच्या कोपऱ्यात एक रफू होता, निळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याचा. तिने त्यावर बोट ठेवलं.

"हा माझ्या भावाचा शर्ट आहे."

अशा वेळी शहाण्या माणसाने आधी बस म्हणावं, पाणी विचारावं. साहेबीण म्हणाली, "तुझ्या भावाचा असाच असेल. चौकड्या काय एकालाच विकतात होय?"

"चौकड्यांचं नाही म्हणत मी. रफूचं म्हणते. तो मी केलाय. निळा दोरा संपला होता म्हणून हिरवा घेतला. त्यावरून केवढं भांडण झालं आमचं."

"काहीतरीच बोलू नकोस! रफू माझा. मुलासाठी मुलगी बघायला निघालो होतो, ऐन वेळी दाराच्या खिळ्याला शर्ट अडकला. सुईत हिरवाच दोरा होता. अंगावरच घातले टाके. हे म्हणाले, राहू दे, मुलगी काय माझा शर्ट बघायला बसलीय?"

हे इतकं नीट सांगितल्यावर कुणीही गप्प बसलं असतं. नर्सबाईने नुसता आपला डावा हात पुढे केला. "मी डावखुरी आहे, मावशी. टाके कुठे कललेत बघा."

साहेबिणीने बघितलं. आजूबाजूचे तिचे टाके एका अंगाला कललेले, त्या रफूतले दुसऱ्या अंगाला. हा तुकडा किती दिवस तिच्या मांडीवर होता, आणि कपड्यांत जन्म गेलेल्या बाईला एवढं दिसलं नव्हतं! तिचा चेहरा तापला.

"मला डावं-उजवं शिकवायला आलीस का? ही पावती घे आणि नीघ. गुरुवारी मिळतील कपडे."

नर्सबाई वाद घालत बसली नाही. दारात जाऊन एवढंच म्हणाली, "तो इथेच राहायचा, मागच्या गल्लीत, खोली घेऊन. कामावरच अपघातात गेला. त्याचं सामान आलं घरी, त्यात हा शर्ट नव्हता."

ती गेल्यावर साहेबीण उठली आणि मधल्या दाराशी गेली. चौकटीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. खिळा नव्हता. खिळा काढल्याचं भोकही नव्हतं. मुलगा परत आला तेव्हा ती दाराजवळच उभी होती.

"अरे, इथे खिळा होता ना? ह्यांचा शर्ट फाटला होता बघ. हिला बघायला गेलो त्या दिवशी."

"दाराला कधीच नव्हता खिळा. आणि त्या दिवशी बाबांनी पांढरा घातला होता, आई. फोटो आहे की आपल्याकडे. काढू?"

"नको," साहेबीण म्हणाली.

आता काय म्हणावं याला! खिळा तिला दिसत होता. शर्ट फाटल्याचा आवाज ऐकू येत होता. साहेब काय म्हणाले तेसुद्धा शब्दन् शब्द कानात होतं. खिळा खोटा, तर मग ते बोलणं कुणाचं? बोलणं खरं असेल तर ते कुठल्या दिवसाचं? विचार करावा तसा गुंता वाढत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

सून चहा करत होती आणि गप्प होती. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हे. पातेल्याशीसुद्धा बोलते ती.

"तुला काहीतरी माहीत आहे," साहेबीण म्हणाली.

"नाही हो आई."

"चहा उतू चाललाय तुझा. सांग."

सुनेने गॅस बंद केला. पदराला हात पुसावे तसे हात पुसत राहिली, नुसतेच, कोरडे. मग म्हणाली, "कॉलरला खूण होती."

लॉन्ड्रीच्या घरात याहून जास्त सांगावं लागत नाही. बाहेरचं जे जे कापड येतं, त्याच्या कॉलरीच्या आत पक्क्या शाईने बारीकशी खूण घालतात. ती मरेपर्यंत जात नाही. त्यावरून कळतं कुणाचं काय. घरच्या कपड्यांना खूण नसते. घरचं ते घरचं.

"निळ्या शर्टाच्या?"

"हो."

"आणखी कुठल्या?"

सून भिंतीकडे बघून म्हणाली, "सगळ्याच, आई."

साहेबीण स्टुलावर बसली. दुकानात पाटी होती, ठळक अक्षरांत: *तीन महिन्यांत कपडे न नेल्यास दुकान जबाबदार नाही.* माणसं कपडे टाकत आणि विसरून जात. कुणी गाव सोडून जाई, कुणाचं पोट सुटे आणि शर्ट नकोसा होई, कुणी मरून जाई. असे कपडे माळ्यावर पडून राहत. म्हणजे पडून राहतात असं तिला वाटत होतं. साहेब संध्याकाळी माळ्यावर चढत ते उंदीर बघायला, असं ते सांगत.

"पिस्ता रंगाचा सेलमध्ये घेतला म्हणाले होते!" ती एकदम ओरडली. "निळा मला आवडतो म्हणून मुद्दाम आणला म्हणाले होते! अगं, म्हणून स्वतःचे स्वतः धुवायचे होय? मला खूण दिसू नये म्हणून? आणि मी मेली जगभर दवंडी पिटत फिरले, आमचे हे बायकोला शर्ट धुवू देत नाहीत!"

मुलाला हसू आवरलं नाही. तो म्हणाला, "आई, कायद्याने बघितलं तर ते बाबांचेच झाले. पाटीवर लिहिलंय ना."

"पाटी गिऱ्हाइकाने वाचायची असते रे. आपण नाही!" साहेबीण म्हणाली. "बाहेरून साहेब, आणि आतून काय, तर आयत्या बिळावर नागोबा!" मग ती सुनेकडे वळली. "आणि तू? इतकी वर्षं तोंडात गुळणी धरून बसलीस?"

"तुम्ही जेवत नव्हता हो तेव्हा," सून म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "पहिला तुकडा हातात दिला, तुम्ही त्याची काय ती आठवण सांगितलीत आणि भाकरीचा तुकडा मोडलात. मग कुठल्या तोंडाने सांगू? पुढे रोज म्हणायची उद्या सांगू. उद्या तुम्ही आणखी एक तुकडा लावलेला असायचा."

यावर रागवायचं तरी कसं? साहेबिणीने प्रयत्न केला, जमलं नाही. नवऱ्यावर रागवावं तर तो समोर नाही. गोधडी उचलून फेकावी म्हणून तिने ती उचलली आणि पुन्हा मांडीवर घेतली.

पुढचे काही दिवस तिचे फार वाईट गेले. ती एकेका तुकड्यावर हात ठेवी आणि स्वतःचीच उलटतपासणी घेई. हा बारीक रेघांचा, हा घालून साहेब आपल्याला डॉक्टरकडे घेऊन गेले होते, बाहेर बाकावर बसून राहिले होते. बसले होते ना? की खिळ्यासारखंच? कुणाच्या तरी पाठीवरचं कापड, कुणाच्या तरी छातीवरचा खिसा, आणि आपण त्याला आपला नवरा म्हणून टाके घालतोय. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही! आपण इतकी वर्षं नक्की कुणासाठी रडलो, हेच तिला समजेना. जेवताना मध्येच हात थांबे. सून तिचं ताट जरा पुढे सरकवे.

एका सकाळी ती उठली आणि म्हणाली, "गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला. दुकानात टांगा ती."

मुलाने कपाळाला हात लावला. पण आई ऐकणार नाही हे त्याला जन्मापासून माहीत होतं. कपडे लावायच्या दांडीवर समोरच गोधडी टांगली. येईल त्याला साहेबीण सांगू लागली, "बघा हो जरा. यात तुमचा एखादा शर्ट असेल तर उसवून देते."

आणि इथेच सगळी पंचाईत झाली. लोक गोधडीसमोर उभे राहत, चष्मा वर-खाली करत आणि म्हणत, "हा ना? हा साहेबांचा." कटिंगवाला रेघांच्या तुकड्याकडे बोट करून म्हणाला, "माझ्या दुकानाच्या पहिल्या दिवशी साहेब हाच घालून आले होते. पहिली दाढी त्यांचीच." शाळेचे निवृत्त मास्तर पिस्ता रंगासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. साहेबिणीला वाटलं, सापडला एक. मास्तर म्हणाले, "काय शोभायचा हो त्यांना!"

"अहो, साहेबांचा नाही तो!"

"मग कुणाचा?"

मास्तरांनीच कधी काळी तो धुवायला टाकला नसेल कशावरून? त्यांना आठवत नव्हतं आणि कॉलर तर केव्हाच कचऱ्यात गेली होती. गल्लीत ज्याला त्याला साहेबच दिसत होते. फक्त त्यांच्या बायकोला ते दिसेनासे झाले होते. ती त्या गोधडीखालच्या स्टुलावर बसून राही, आणि कुणी फार कौतुक केलं तर उगीचच त्याच्या अंगावर खेकसे.

नर्सबाई कपडे न्यायला आली ती गुरुवार टाळून, साहेबीण नसेल अशी वेळ बघून. पण साहेबीण होती.

"बस," ती म्हणाली. या वेळी पाणीसुद्धा विचारलं. मग गोधडी खाली घेतली, कात्रीच्या टोकाने निळ्या तुकड्याच्या कडेचा पहिला टाका उचकटला आणि दोरा ओढला. टाके जवळजवळ होते, लवकर निघेनात.

"मावशी, राहू द्या. मी मागायला आले नाही."

"तुझा आहे, तू ने. तुझ्या भावाने इथे धुवायला टाकलेला, न्यायचा राहिला, तो आमच्या ह्यांनी घातला."

नर्सबाई त्या सुटत जाणाऱ्या दोऱ्याकडे बघत म्हणाली, "रफूवरून भांडलो, तो रागात इकडे निघून आला. पुन्हा भेटलाच नाही. सामानात शर्ट दिसला नाही तेव्हा मला वाटलं, माझा हात लागला म्हणून फेकून दिला त्याने." तिने डोळे पुसले. "धुवायला टाकला होता होय. म्हणजे घालत होता."

"घालत होता म्हणून तर मळला," साहेबीण म्हणाली.

"काकांना कसा दिसायचा?"

साहेबिणीचा हात थांबला. "खरं सांगू? गल्ली म्हणते फार छान दिसायचा. मला मात्र आता कळत नाही, मी तो बघितलाय की रचलाय. माझ्याकडे खिळासुद्धा होता बघ. दारच कोरं निघालं."

नर्सबाईला खिळ्याचं काही कळलं नाही, पण तिने मान हलवली. "माझंही तसंच आहे. भाऊ आठवला की ह्याच शर्टात आठवतो. आणि माझ्यासमोर त्याने तो एकदाच घातला होता, तोही शिव्या देत."

तुकडा सुटला. नर्सबाईने तो गणवेशांच्या घडीत, मधोमध ठेवला आणि ती गेली.

गोधडी मधोमध उघडी होतीच, त्यात आता एका बाजूला हे भगदाड, खालच्या चादरीचा थर दाखवणारं. साहेबीण ते भगदाड पुढ्यात घेऊन बसली. सगळी गोधडीच उसवून टाकावी असं तिच्या मनात आलं. ठेवायची तर कुणाची म्हणून ठेवायची? आणि हे भोक बुजवायचं तर कशाने? ज्या माणसासाठी हा खटाटोप, त्याची स्वतःची म्हणून एक चिंधीसुद्धा घरात नव्हती. तिला मोठ्याने रडू आलं, आणि गिऱ्हाईक आलं तरी ती थांबली नाही.

सून आतून आली ती मूठ मिटूनच. इस्त्रीचा तवा पुसायच्या फडक्यांचं एक गाठोडं टेबलाखाली असे, त्यातून तिने काहीतरी शोधून, धुऊन, वाळवून आणलं होतं. धुऊन धुऊन जाळी झालेलं, मूळचं पांढरं, आता कसलाच रंग नसलेलं. एका खांद्याची पट्टी तुटलेली.

"बनियन आहे, बाबांची."

साहेबिणीने ती उलटीसुलटी केली. गळ्याच्या आत, बगलेत, खालच्या काठाला बघितलं.

"खूण नाही," सून म्हणाली. "बघितली मी. आणि आई, लॉन्ड्रीत बनियन कोण टाकतं? हे एक त्यांना विकतच घ्यावं लागलं असणार."

साहेबीण रडता रडता हसली. हसता हसता तिला ठसका लागला. सुनेने पाठीवर हात फिरवला. बनियनच्या पोटावर एक पिवळट डाग होता, इस्त्रीच्या टेबलाची कड जिथे टेकते तिथे. साहेबिणीने तो डाग अंगठ्याने चाचपला. वाफेने लाल झालेली ती मान, पाठीवर चिकटलेलं कापड, पाणी शिंपडताना तोंडातल्या तोंडात चाललेलं ते बेसूर गाणं. खिडकीशी ती बटणं टाचत बसायची, आणि तो इस्त्री न थांबवता म्हणायचा, "जरा मागे सरक, वाफ येतेय अंगावर."

"किती वर्षं गं," ती म्हणाली. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा माणूस माझ्यासमोर बनियनवर उभा असायचा. शर्ट घालायचा तो घटकाभर, लोकांना दाखवायला. आणि मी त्याला शर्टांत शोधत बसले."

सुनेने कात्री घेतली आणि विचारलं, "डाग वगळून कापू?"

"डागासकट काप."